शंतनूने पळवलेली पाण्याची पाळी

मित्रांनो, मी एक संगणक आहे. जुना आहे आणि रागावलेला आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये, खिडकीजवळच्या कोपऱ्यात माझी जागा आहे. म्हातारी माणसं विसरतात, क्षमा करतात असं म्हणतात. मी म्हातारा झालो, पण त्यातलं काहीच मला जमलेलं नाही.

आलो तेव्हा मी लॅबमधला सर्वांत वेगवान होतो. माझ्यासमोर बसायला मुलांची भांडणं होत. पुढे मुलांकडे स्वतःचे लॅपटॉप आले आणि माझ्यावर धूळ बसू लागली. माझा पंखा घरघरू लागला. कुणी माझ्या पाठीवर दप्तर टेकवी, कुणी कीबोर्डवर समोसा खाई. मी ते सारं सोसलं. त्याचा राग नाही मला. राग आहे तो शंतनूचा.

पण आधी तनुजाची गोष्ट सांगतो. तनुजा कन्नड तालुक्यातल्या पिशोरची. तिच्याकडे लॅपटॉप नव्हता, म्हणून ती रोज माझ्याकडे यायची. आल्या आल्या ओढणीच्या टोकानं माझा पडदा पुसायची. तिसऱ्या वर्षाला सर्वांना दोघादोघांत मिळून एक प्रोजेक्ट करायचा होता. पुस्तकातला नाही, खरोखर कुणाच्या उपयोगी पडेल असा. तिचा जोडीदार होता शहरातल्याच गारखेड्याचा शंतनू.

तनुजाच्या गावी एक सामाईक विहीर होती. चार घरांची शेतं तिच्यावर भिजत. कुणाची पाळी कधी, यावरून दर उन्हाळ्यात भांडणं होत. एकदा तर तिच्या सांडूकाकाचं डोकं फुटलं होतं. तिनं ठरवलं, असा प्रोग्राम लिहायचा की तोच पाळ्या लावील आणि ज्याची पाळी त्याच्या मोबाइलवर निरोप धाडील.

"भारी आयडिया आहे यार," शंतनू म्हणाला. "तू कोड लिही, मी प्रेझेंटेशन बघतो."

तिनं लिहिलं. एकेक ओळ माझ्यावर लिहिली. चुकली, खोडलं, पुन्हा लिहिलं. पहिल्यांदा पडद्यावर चारही घरांची नावं ओळीनं आली, तेव्हा ती एकटीच टाळी वाजवून हसली. शंतनू अधूनमधून येई, मोबाइल बघत बसे आणि जाई.

मग तनुजा प्रोग्राम आपल्या फोनमध्ये घेऊन गावी गेली. खऱ्या विहिरीवर, खऱ्या माणसांसमोर तो तपासायचा होता.

ती गावी असताना एका दुपारी शंतनू माझ्यापुढे बसला. खिशातून त्यानं पेनड्राइव्ह काढला आणि तनुजाचं सारं काम त्यावर उतरवून घेतलं. इथवर ठीक होतं, कारण प्रोजेक्ट दोघांचा होता. पण नंतर त्यानं माझ्यातून ते काम पुसून टाकलं. कचऱ्याची पेटीसुद्धा रिकामी केली. मित्रांनो, मला हात असते तर मी त्याची मनगटं धरून ठेवली असती. माझा पंखा तेवढा घरघरला. त्यानं माझ्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाला, "डब्बा!"

तनुजा परतली ती उत्साहानं फुललेली. माझा पडदा पुसला, फाइल शोधली. सापडली नाही. पुन्हा पुन्हा शोधत राहिली. तेवढ्यात केशव सर आले. तेच दोघांचे मार्गदर्शक.

"अगं, शंतनू म्हणाला तू प्रोजेक्ट सोडलास. त्यानं एकट्यानं पूर्ण करून जमाही केला."

"नाय सर! समदं म्या लिवलंय!" घाबरली की तिची गावची बोली बाहेर येई.

"मग दाखव ना."

तिनं फोन काढून त्यावरचा प्रोग्राम पुढे केला. माझ्या पोटात काहीच नव्हतं. फोनमध्ये होता तो नुसता चालणारा प्रोग्राम. त्याच्या आतला कोड त्यात दिसत नव्हता.

"फोनवर काय, त्यानं दिलेलाही असू शकतो," सर म्हणाले. "परीक्षेपर्यंत स्वतः काही लिहून दाखव, नाहीतर या विषयात नापास व्हावं लागेल."

दुसऱ्या दिवशी शंतनू स्वतः तिच्याजवळ आला. "टेन्शन नको घेऊ यार. तुझं नाव प्रेझेंटेशनच्या आभारात टाकतो ना मी."

तनुजानं मान वर केली. डोळे कोरडे होते. "टाक," ती म्हणाली.

त्याला धीर आला. "आणि सगळं नीट चालतंय ना त्यात?"

"तू बनवलंस ना? मग तुलाच माहीत."

तो गेला. तेव्हा ती माझ्या कानाशी बोलावं तसं पुटपुटली, "लाईट जाऊ दे एकदा. मग बघते तुला."

मला लगेच उमगलं. गावी तिला एक मोठी चूक सापडली होती. पाळी चालू असताना वीज जाऊन विहिरीवरची मोटार थांबली की प्रोग्राम गोंधळायचा आणि दोन घरांना एकच वेळ द्यायचा. शंतनूनं चोरलेला प्रोग्राम तसाच होता. आणि तिनं त्याला सांगितलं नाही! मित्रांनो, त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो लपवणार नाही. ती चूक काढून तिनं सारं पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. माझा पंखा बंद पडत होता, तरी मी तिच्यासाठी तग धरला.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून वैदेही मॅडम परीक्षक म्हणून आल्या. शंतनूनं कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याचा प्रोग्राम भिंतीवर झळकला, मॅडमनी मान डोलावली. "छान. कुणाला काही विचारायचंय?"

तनुजा उभी राहिली. "मधीच लाईट गेली तर?"

"गेली तर... हे वीज गेल्याचं बटण आहे ना," शंतनू म्हणाला आणि त्यानं ते दाबलं.

भिंतीवर एकाच वेळेपुढे दोन नावं आली. लॅबभर हशा पिकला.

"आता विहिरीवर काठ्या निघतील," मॅडम म्हणाल्या. "दुरुस्त कर. कुठली ओळ?"

शंतनू कोड वर नेत राहिला, खाली आणत राहिला. त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळला. मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवलं. "ही काय करते?" त्यानं ती ओळ नुसती मोठ्यानं वाचून दाखवली. "मग ही?" तीही नुसती वाचून दाखवली. मला वाटलं, विचारा, अजून विचारा, थांबू नका!

मग तनुजानं मला चालू केलं. तिच्या प्रोग्राममध्ये तेच बटण दाबताच उरलेली पाळी आपोआप पुढे सरकली. मॅडमनी विचारली त्या प्रत्येक ओळीचं उत्तर तिनं दिलं.

केशव सर हळूच म्हणाले, "तनुजा, माझं चुकलं."

"व्हय सर," ती म्हणाली, "चुकलं."

शंतनू नापास झाला. पुन्हा बसायचं, तर प्रोजेक्ट स्वतः, सरांच्या नजरेसमोर, लॅबमधल्या संगणकावर लिहायचा होता. आणि रिकामा संगणक कोणता होता? मीच!

मी त्याला काही सोडलं नाही. एक कंस राहिला, लाल ओळ. एक अक्षर चुकलं, पुन्हा लाल ओळ. तो कीबोर्डवर मूठ आपटे, मी तीच चूक पुन्हा दाखवी.

"काय झालंय या डब्ब्याला!" तो ओरडला.

"त्याला काय नाय झालं," मागून तनुजा म्हणाली. "वाच, काय लिहिलंय ते."

"तू सांग ना."

"नाय सांगणार."

तो वाचू लागला. आधी चिडून, मग कपाळाला आठ्या घालून, मग चक्क मन लावून. आणि एके दिवशी त्याचा प्रोग्राम चालला. तनुजानं वीज गेल्याचं बटण पाठोपाठ दोनदा दाबून पाहिलं. पाळ्या चुकल्या नाहीत. "बरोबर हाय," एवढंच बोलून ती निघून गेली. त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही. पुढेही ती त्याच्याशी कधी बोलली नाही.

मला त्याला मोडायचं होतं, मित्रांनो, आणि माझ्याच समोर बसून तो शिकला. याची चुटपुट अजून आहे.

आता लॅबमध्ये नवे संगणक आलेत. मला भंगारात नेणार आहेत. जाण्याआधी एवढंच मागतो. आम्हा यंत्रांना पुसत जा, जपत जा. आणि कुणी लिहिलेलं पळवू नका. दुसऱ्याचं उत्तर घेऊन उभे राहाल, तेव्हा पुढचा प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. तो विचारणारी एखादी मुलगी मागच्या बाकावरून उठली, तर माझ्याकडून तिला शाबासकी द्या.