नाव खुशीचं, नंबर मोठेबाबांचा

"पोरीचा नंबर बँकेत देत नसतात. उद्या लग्न होते, नंबर सासरी जाते."

हा कामठ्याच्या रहांगडाले घरातला नियम. मोठेबाबा टेकचंद यांनी तो सांगितला, त्यांचे धाकटे भाऊ चैतराम यांनी मान डोलावली. चैतरामांची लेक खुशी बी.कॉम. झालेली, गोंदियाच्या एका राइस मिलच्या ऑफिसात नोकरीला. तरी तिनं 'काऊन?', म्हणजे 'का?', विचारायचं नव्हतं. त्यामुळे माझं नशीब माझ्या जन्माआधीच ठरलं. नाव खुशीचं, मोबाईल नंबर तिच्या मोठेबाबांचा.

होय, मी खुशीचं क्रेडिट कार्ड बोलतोय.

कारखान्यात मला निळा रंग मिळाला, कपाळावर सोनेरी चिप मिळाली आणि पाठीवर तीन आकड्यांचं गुपित. त्या आकड्यांच्या जोरावर बाजारात फिरायचं, अशी माझी कल्पना होती. पण घरात आलो आणि रुख्माबाईंनी, खुशीच्या आईनं, मला पाटावर ठेवून हळद-कुंकू वाहिलं. नवी वस्तू आली की आधी पूजा. कुंकू चिपमध्ये शिरलं. मग मी देवघरात, गणपतीच्या मागे राहायला गेलो. खुशी गोंदियाला जाताना मला न्यायला यायची, तेव्हा मोठेबाबा म्हणायचे, "राहू दे ना वं. गर्दीत कोणी मारते."

चोर मात्र गर्दीतून आला नाही. तो फोनवरून आला.

खुशी कामावर होती. मोठेबाबांचा मोबाईल वाजला. "अंकल, कार्ड के बोनस पॉइंट आज खत्म हो रहे हैं."

मोठेबाबांनी मला देवघरातून उचललं, चष्मा लावला आणि पोथी वाचावी तसे माझे आकडे खणखणीत वाचून दाखवले. पाठीवरचे तीनसुद्धा. मध्येच विचारलं, "जेवण झालं का साहेब?" मग मेसेज आला, तोही वाचला. मी ओरडलो असतो, पण प्लास्टिकला घसा नसतो. त्या दुपारी कोणीतरी माझ्या जिवावर महागडा मोबाईल विकत घेतला.

संध्याकाळी मोठेबाबांच्या मोबाईलवर खरेदीचा मेसेज पाहून खुशीनं कार्ड कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ गाणं वाजलं. मग बाई म्हणाली, "मॅडम, रजिस्टर्ड नंबरसे कॉल कीजिए." खुशीनं मोठेबाबांच्या मोबाईलवरून लावला. मी बंद झालो, एवढंच काम पटकन झालं. तक्रारीवर उत्तर मिळालं की ओटीपी तुमच्याच नंबरवरून सांगितला गेलाय, जबाबदारी तुमची.

"तो नंबर माझा नाही, मॅडम!"

"तर मग आधी नंबर बदला. त्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी येईल."

ओटीपी आला. मोठेबाबांनी मोबाईल छातीशी धरला. "नाही सांगत. मेसेजमध्येच लिहून आहे, कोणालेही सांगू नका."



खुशीनं कात्रीनं माझे दोन तुकडे केले. एक कचऱ्यात गेला. दुसरा रुख्माबाईंनी उचलून परत गणपतीमागे ठेवला, कारण पूजा झालेली वस्तू फेकत नाहीत. तिथूनच मी हे सांगतोय. माझी हरकत नाही, फक्त माझ्यानंतर येणाऱ्याला कुंकू लावू नका. आणि ज्याचं नाव त्याच्यावर कोरलंय, त्याच्याच हाती द्या.

तो येणारा आज आला. रुख्माबाई पूजेचं ताट घेऊन उभ्या. मोठेबाबा बाजेवर बसूनच म्हणाले, "ठेव देवघरात. अन् कंपनीचे पैसे भरून टाक. घरची गोष्ट घरातच मिटवायची."

"मी भरणार नाही," खुशी म्हणाली. "मोबाईल मी घेतला नाही, आकडे मी सांगितले नाहीत. मी पोलिसात सायबरवाल्यांकडे तक्रार देणार आहे."

"मोठेबाबाचं नाव जाईल ना वं!" चैतराम कळवळले.

"अन् माझं? वसुलीवाले रोज मिलमध्ये फोन करून माझं नाव घेऊन राहिले, बाबा. तिथं कोणी 'रहांगडालेची पोरगी, जाऊ द्या' म्हणत नाही."

"मोठ्यांसमोर जबान चालवते?" मोठेबाबा गरजले.

"चालवते. ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याले सगळे आकडे सांगितले, वरून जेवण विचारलं. मी तर समोर उभी आहे, मोठेबाबा. नाव माझं, पगार माझा, सही माझी. नंबरही माझाच राहील. नसेल राहत तर हे नवं कार्डही आत्ताच कापते. देवघरात काहीच ठेवणार नाही."

तिनं आपल्या मोबाईलवर नंबर बदलायचं बटण दाबलं. मोठेबाबांच्या खिशात मेसेज वाजला.

चैतरामांनी मान खाली घातली. रुख्माबाईंनी ताट खाली ठेवलं. मोठेबाबांनी चष्मा काढला, पुसला, पण पुन्हा लावला नाही. मोबाईल खिशातून काढून बाजेवर खुशीच्या बाजूला सरकवला. त्यावरचे ओटीपीचे आकडे मला गणपतीमागूनही दिसत होते.