टकर्स बेंडची शववाहिनी

मित्रांनो, मी एक जुनी शववाहिनी आहे. नाव ऐकून मागे सरू नका. मला रस्त्यात पाहिले की माणसे बोलायची थांबत, टोपी काढत, आपली गाडी कडेला घेत. मनातून मी कुणालाच नको असे, पण वेळ आली की प्रत्येक घराला मीच हवी असे. आज मी एका भंगारवाल्याच्या आवारात उभी आहे. माझे टायर बसले आहेत आणि छताला गंजाची भोके पडली आहेत. माझी कहाणी सांगायला मला दुसरे कुणी उरले नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी एक मोटार मधोमध कापून लांब केली. मागे शवपेटी मावेल अशी जागा काढली, पेटी अलगद सरकावी म्हणून तळाला रबरी चाके बसवली आणि खिडक्यांना करडे पडदे लावले. काळ्या रंगाचे हातावर हात दिले. शेवटच्या हातानंतर रंगारी माझ्या चकचकीत दारापुढे वाकला, त्यात स्वतःचे दात पाहून हसला आणि म्हणाला, "नवरीसारखी दिसतीयेस की गं!"

मला घ्यायला माझे मालक एझेल ट्रिगपेन स्वतः आले. मिसिसिपी नदीच्या काठच्या सपाट मुलखात टकर्स बेंड नावाचे गाव आहे. चहूकडे कापूस, मध्ये पाण्याची टाकी, आणि माणसांपेक्षा चर्चच जास्त वाटावीत अशी वस्ती. वस्ती काळ्या लोकांची. एके काळी मृतदेह सांभाळून दफनाची तयारी करणारी शहरातली गोऱ्यांची अंत्यसंस्कार गृहे आमच्या मृतांना मागच्या दाराने घेत, नाहीतर घेतच नसत. म्हणून मालकांच्या वडिलांनी गावात स्वतःचे गृह काढले होते. मालकांनी ते जिवापाड जपले.

हे काम आमच्या राज्यात कुणीही उठून करू शकत नाही. त्यासाठी शिकावे लागते, परीक्षा द्यावी लागते, मग राज्याचे मंडळ परवाना देते. प्रत्येक गृहात परवाना असलेला एक जबाबदार माणूस असावाच लागतो. मालकांचा परवाना दर्शनी खोलीत सोनेरी चौकटीत टांगलेला होता. त्यांची मुलगी वर्लीन त्याच्यावरची धूळ रोज पुसायची.

वर्लीनची आई लवकर गेली होती. तिला वाढवले ते शेजारच्या ओडेसा मिम्स यांनी. ओडेसाबाई चर्चमध्ये रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. वर्लीनच्या वेण्या घालता घालता त्या तिला गाणी शिकवत आणि डोके हलवले की कंगवा टाळूवर आपटत. वर्लीन मोठी झाल्यावर वडिलांच्या हाताखाली कामाला लागली. ती गेलेल्या बायकांचे केस इतके छान करायची की लेकी म्हणायच्या, "आईला आत्ता झोप लागल्यासारखी दिसते." मला चालवायचीही तीच. खड्डा आला की कुजबुजायची, "सांभाळून हं, बाई." ते मला म्हणायची की मागे निजलेल्या माणसाला, कुणास ठाऊक.

त्या वर्षांत माझा मोठा मान होता. एकदा तर नदीचे पाणी रस्त्यावर आले असताना मी एका अडलेल्या बाईला दवाखान्यात नेले आणि वाटेतच तिला मुलगी झाली. गावकरी कितीतरी दिवस हसत होते, "त्या गाडीतून उठून आलेली एकटीच!"

मालकांना सगळे सांगत, "एझेल, पोरीला परीक्षेला बसव." ते हसत. "का रे? मी काय उद्या मरतोय?" गावाला ते बजावून सांगत की आपल्या मरणाची सोय जिवंतपणी करून ठेवा, कुठल्या रंगाचे कपडे हवेत तेही सांगून ठेवा. स्वतःच्या मागे काय, हा विषय मात्र ते निघू देत नसत.

एका सकाळी मऊ बिस्किट-पावावर लोणी लावता लावता ते टेबलावरच कोसळले.

त्यांना पोहोचवून मी परत आले आणि तिथून आमचे दिवस फिरले. शेजारच्या गावचे म्हातारे कोली यांच्याकडे परवाना होता. त्यांनी काही काळ जबाबदारी घेतली, पण त्यांचे गुडघे गेले आणि ते शिकागोला मुलीकडे राहायला गेले. वर्लीनने दूरदूरच्या परवानाधारकांना विनवले. आमच्या आडगावात यायला कुणी तयार होईना. ती परीक्षेलाही बसली आणि नापास झाली. रसायने आणि शरीरशास्त्राच्या पेपरात तिला निम्मेही आले नाही. परत येऊन तिने माझ्या स्टिअरिंगवर डोके टेकले आणि लहान मुलीसारखी रडली. पुढची परीक्षा हिवाळ्यात होती. मंडळाने कळवले, तोवर एकही नवे काम घ्यायचे नाही.

जुलैत ओडेसाबाई गेल्या.

त्यांचा नवरा ओथा पायी आला. उंच, वाकलेला म्हातारा. टोपी हातात घेऊन तो अंगणात उभा राहिला.

"वर्लीन, ओडेसाला घेऊन ये गं."

"ओथाकाका, मला नाही येता येणार. मंडळानं बंदी घातलीय. शहरात फोन करा, ते गाडी पाठवतील."

"शहरात तिला कोण ओळखतं?"

"काका, ऐका ना माझं."

"तिचे केस कोण करणार?" म्हाताऱ्याने विचारले. "तिथली ती अनोळखी माणसं?"

 वर्लीन आत जाऊन माझी किल्ली घेऊन आली.

तिने ओडेसाबाईंना आणले, शीतगृहात ठेवले, न्हाऊ घातले, जांभळे रेशमी कपडे घातले आणि त्यांचे पांढरे केस विंचरून वळवले. ती त्यांच्याशी सारखी बोलत होती. लिटल बेथेल चर्चमागे खड्डा खणून झाला. अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्ये बायकांनी तळलेली कोंबडी, शिजवलेली पालेभाजी आणि केक मांडून ठेवले.

आणि त्याच सकाळी मंडळाच्या निरीक्षक लोरेन पीक आमच्या दारात उतरल्या. कुणीतरी तक्रार केली होती. त्यांनी आत जाऊन सगळे पाहिले. मग भिंतीवरच्या चौकटीपुढे उभ्या राहिल्या.

"हे नाव कुणाचं?"

"बाबांचं."

"ते कुठं आहेत?"

"चर्चमागं," वर्लीन म्हणाली. "जमिनीखाली."

 पीकबाई हळू आवाजात म्हणाल्या, "जागा स्वच्छ आहे. तुझं काम नीट दिसतंय. पण मला हे बंद करावं लागेल. त्या बाईंना न्यायला शहरातून गाडी येतेय, दुपारपर्यंत पोचेल."

"मॅडम, आज माती आहे त्यांची! लोक चर्चमध्ये बसलेत. फक्त आजचा दिवस द्या. उद्या मला तुरुंगात घाला, पण आजचा दिवस!"

"परवाना नसलेल्या एका माणसाच्या शेडचं दार मी माझ्या हातानं उघडलंय," पीकबाई म्हणाल्या. "आत काय होतं ते तुला सांगत नाही. एक बाई मला अजून फोन करते. विचारते, मी पुरला तो माझाच नवरा होता ना? मी काय सांगू तिला? तोही माणूस म्हणायचा, फक्त आजचा दिवस द्या."

वर्लीन ओसरीच्या पायरीवर बसली. 

पीकबाईंनी दारांवर लाल कागदी सील चिकटवले. माझ्याही मागच्या दारावर एक लावले. मग त्या शहरच्या गाडीला वाट दाखवायला हमरस्त्याच्या फाट्यावर गेल्या. ओथा ओसरीवर बसून होता. कोटाची बटणे त्याने वरपासून खालपर्यंत लावली होती आणि ऊन मी म्हणत होते.

"ती माझी वाट बघत असंल आत," तो म्हणाला.

एवढेच म्हणाला. वर्लीन उठली. घराचे सील तिने टरकन फाडले. मग माझ्याकडे आली.  माझ्यावरचा कागद तिने नखांनी खरवडून काढला. नंतर दोघांनी चाकांच्या गाड्यावरून ओडेसाबाईंची पेटी आणली. ती रबरी चाकांवरून आत सरकली. इतक्या वर्षांत मी इतकी घाबरले नव्हते.

"आता मला परवाना जन्मात मिळत नाही, काका," वर्लीन म्हणाली आणि तिने मला सुरू केले.

कापसाच्या शेतांमधून रस्ता सरळ जातो. कित्येक महिने मला कुणी दुरुस्त केले नव्हते, पैसेच नव्हते. चर्चचा पांढरा मनोरा दिसू लागला आणि माझे इंजिन गार ठेवणारी पाण्याची नळी फुटली. वाफेने समोरची काच झाकली. मी दोनदा आचके दिले आणि रस्त्याच्या मधोमध बंद पडले. वर्लीन किल्ली फिरवत राहिली. "चल गं, चल, एवढंच पोचव, मग कध्धी काही मागणार नाही." मी जिवाचा आटापिटा केला, पण माझ्यातून नुसती खरखर निघाली. तिने स्टिअरिंगवर मुठी आपटल्या. मागे पडद्याआड उकाडा वाढत होता आणि ओडेसाबाई त्या उकाड्यात पडून होत्या.

वाफ पाहून चर्चमधली माणसे रस्त्याने धावत आली. काळे कोट, पांढऱ्या टोप्या, बायकांच्या हातात पंखे. आणि मागच्या बाजूने पीकबाईंची गाडीही येऊन थांबली.

"सील तू तोडलंस?"

"हो," वर्लीन म्हणाली.

"मी तोडलं!" ओथा मध्ये पडला.

"काका, गप्प बसा. मी तोडलं, मॅडम."

पीकबाई त्या गर्दीकडे, मग माझ्या मागच्या दाराकडे बघत राहिल्या. त्यांनी ओथाला विचारले, "त्या तुमच्या कोण?"

"बायको. लग्नाची बायको. अजून कोण?"

"डॉक्टरांचा दाखला, पुरायची परवानगी, दोन्ही आहे?"

"आहे."

"मग ऐका. परवाना लागतो तो हा धंदा करणाऱ्याला. नवरा आपल्या बायकोला स्वतः पुरत असेल, तर आपल्या राज्यात त्याला कुणी अडवू शकत नाही. तुम्ही आणि तुमची माणसं त्यांना उचलून नेऊ शकता. शहरची गाडी मी परत पाठवते." मग त्या वर्लीनकडे वळल्या. "ही शववाहिनी इथून हलणार नाही. आणि तू पेटीला हात लावायचा नाहीस. मातीला जायचं तर सगळ्यांच्या मागं चाल."

सहा जणांनी पेटी उचलली. पुढे ओथा होता, त्याचा एक हात पेटीवर होता. कुणीतरी गाणे धरले आणि सगळे चालू लागले. वर्लीन त्यांच्या मागे गेली नाही. ती माझ्या मागच्या उघड्या दारात, जिथे पेटी होती त्या जागी बसली. दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून धरले होते. गाणे लांब गेले, चर्चमागे जाऊन थांबले. मग फक्त शेतातले किडे ऐकू येत होते.

"केस नीट राहिले असतील ना गं?" तिने मला विचारले.

मंडळासमोर पीकबाईंनी वर्लीनचे काम चांगले असल्याचे सांगितले आणि सील तिने तोडल्याचेही सांगितले. दोन्ही खरे होते. पुढच्या परीक्षेआधीच परवाना तिला कायमचा नाकारला गेला. ट्रिगपेनांच्या दाराला कुलूप लागले आणि माझी रवानगी भंगारात झाली. वर्लीन शहरात एका हॉटेलात चादरी बदलते. तिने पुन्हा कुणाचे केस विंचरले नाहीत, असे लोक सांगतात. टकर्स बेंडमध्ये आता कुणी वारले की शहरातून गाडी यावी लागते. कधी ती दुसऱ्या दिवशी येते, कधी तिसऱ्या. घरातले लोक खिडक्या उघडून, बर्फाच्या पिशव्या लावून बसून राहतात.

मित्रांनो, नियम वाईट होता असे मी म्हणणार नाही. त्या शेडचे ऐकले तेव्हा माझाही थरकाप झाला. पण नियम लिहिणाऱ्यांनी एवढे बघायला हवे होते की एक दार बंद केले तर त्या गावाला दुसरे दार आहे का. माझ्या मालकांनीही बघायला हवे होते. तुमच्या गावात शेवटचे काम कोण करतो, हे विचारा. त्याच्या हाताखाली कोण शिकते आहे, तेही विचारा. शिकणाऱ्याला वेळेवर परीक्षेला बसवा. आणि आमच्यासारख्या गाड्यांची नळी तेवढी बदलत जा.

ओथा अजून आहे. काठी टेकत तो कधीकधी भंगारवाल्याकडे येतो आणि माझ्या मागच्या कठड्यावर बसतो. त्याला आता कुणी नातेवाईक उरलेले नाहीत. नवरा बायकोला नेऊ शकतो, पण या म्हाताऱ्याच्या मागे त्याचे म्हणावे असे कुणीच नाही.

"मला कोण नेणार गं?" तो विचारतो. गंजलेल्या पत्र्यावरून हात फिरवत विचारतो, आणि खरेच उत्तराची वाट बघतो.

माझ्याजवळ त्याला सांगायला काही नाही. तुमच्यापैकी कुणाजवळ असेल, तर तो ऐकू शकतो आहे तोवर येऊन सांगा.