हळदीकुंकवातलं अंतराळयान

नितेशची विज्ञान कादंबरी बैठकीतल्या दिवाणात होती. दिवाणाची फळी उचलली की आत पेटी लागते. त्या पेटीत आधी पाहुण्यांच्या गाद्या असत. ऑगस्टमध्ये छापखान्यातून पुस्तकं आली, गाद्या बाहेर निघाल्या आणि कपाटावर चढल्या. तेव्हापासून त्या अधूनमधून आपल्या मर्जीनं खाली येत, बहुतेक त्याची बायको रागिणी खालून केर काढत असताना.

नितेशचं अमरावतीत फुलांचं दुकान होतं. फुलं वलगावच्या मळ्यातून वडील पाठवत. सकाळी हार, दुपारी गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यामागे बसून लेखन, आणि संध्याकाळी मोबाईलवर लढाईचा गेम, असा त्याचा दिवस होता. गेममध्ये चौघांचा ‘ठेचा स्क्वाड’ होता आणि त्याचा म्होरक्या अकोल्याचा चंदन होता. कादंबरीचं नाव ‘गुरूच्या चंद्रावर संत्री’. तिचा नायक दिनकर अंतराळयानातून कलमं घेऊन जातो, गुरूच्या बर्फाळ चंद्रावर बाग लावतो आणि थंडीअखेरचा अंबिया बहार धरून दाखवतो. कोणताही प्रकाशक तयार झाला नाही, म्हणून नितेशनं ती स्वतःच छापली होती.

प्रकरण चिघळलं ते त्यांच्या लेकीच्या, खुशीच्या, शाळेच्या गॅदरिंगपासून. खुशी दुसरीत. भाज्यांच्या नाचात होती. रागिणीला मागची रांग मिळाली होती, म्हणून व्हिडिओ काढायचं काम पुढं बसलेल्या नितेशकडे गेलं. घरी आल्यावर रागिणीनं तो पाहिला.

“ही कोण हाय?”

“खुशी.”

“हे गाजर हाय. खुशी मुळा होती.”

नितेशनं मोबाईल डोळ्याजवळ नेला. गाजर सुरुवातीपासून शेवटपर्यंत छान नाचलं होतं. मुळ्याचा फक्त एक हात, तोही एकदाच, कोपऱ्यातून आत आला होता.

“मी पानं पाहून वळखलं,” तो म्हणाला.

“तुमचं एक डोकं दुकानात, एक चंद्रावर अन् एक त्या गेममंदी. घरासाठी कोणतं उरते? रावणाले दहा होते, तरी त्याचं घर मोडलं.”

त्यानंतर रागिणीनं अट घातली. रथसप्तमीनंतर लगनसराईचे पाहुणे सुरू होतात, गाद्या लागतात. म्हणून रथसप्तमीपर्यंत नितेशनं एक वाचक दाखवायचा. पुस्तक पूर्ण वाचलेला. तो नात्यातला नको आणि गेममधला नको.

“अन् नाई दाखवला तर?”

“पुस्तकं रद्दीवाल्याले, गाद्या दिवाणात. दुसरा भाग कायमचा बंद.”

“अन् दाखवला तर?”

“तर लिहा. मी चहा आणून देईन. पण गेम फक्त रविवारी.”

दुसऱ्या भागाची नितेशच्या डोक्यात सगळी तयारी होती. शनीच्या कड्यांवर ठिबक सिंचन करायचं होतं. त्यामुळे त्याच रात्री त्यानं चंदनला फोन लावला.

“भाऊ, एक नंबर पुस्तक हाय,” चंदन म्हणाला. “वाचलं ना मी.”

“शेवट कसा वाटला?”

“शेवट तं एकदम खतरनाक. दिनकरनं काय मारलं राजा त्या एलियनले!”

कादंबरीत एकही एलियन नव्हता. शिवाय चंदन गेममधला होता. रागिणी समोरच बसली होती आणि स्पीकर चालू होता. तिनं कपाटावरच्या गाद्यांकडे पाहिलं.

नितेशनं दुकानात हारासोबत पुस्तक ठेवून पाहिलं. एका गिऱ्हाईकानं ते उचललं, लग्नाच्या गाडीवरच्या फुलांना वारा लागू नये म्हणून आडवं धरलं आणि परत ठेवून दिलं. संक्रांत आली आणि गेली. रथसप्तमी चार दिवसांवर आली तेव्हा पुस्तकं मोजावीत, एखाद्या वाचनालयाला फुकट द्यावीत, असा विचार करून नितेशनं दिवाणाची फळी उचलली. आतली अर्धी पेटी रिकामी होती.

क्षणभर त्याला वाटलं की पुस्तकं विकली गेली.

“आई, इथली पुस्तकं कुठं गेली?”

त्याची आई वच्छलाबाई तुळशीपाशी वाती वळत होती. “वाणात देल्ली ना.”

“कोणाले?”

“हळदीकुंकवाले बाया आल्या होत्या, त्याहिले. मांगच्या साली मी चमचे देल्ले. एक जण म्हणे, चमचा हलका हाय. आवंदा म्हटलं जड वस्तू द्याची.” तिनं हातानं वजन करून दाखवलं. “तुह्या दुकानातला गुलदस्त्याचा चमकीचा कागद होता, त्यात बांधली. पाहाले लय सुंदर दिसे.”

आता नितेशचा चेहरा उजळला. “रागिणी! घरोघरी पुस्तक गेलं! साठेक वाचक झाले!”

“साठ बाया झाल्या,” रागिणी स्वयंपाकघरातून म्हणाली. “वाचक नाई. अन् आई, कागदात बांधून देल्लं, मंग ते उघडलं कोण?”

वच्छलाबाई वात वळायची थांबली. वऱ्हाडात काय आणि इतर कुठं काय, हळदीकुंकवाला मिळालेलं वाण सगळ्याच बायका वापरत नाहीत. बरंचसं जसंच्या तसं पुढच्या घरी जातं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही. वच्छलाबाईच्या कपाटात प्लास्टिकच्या डब्यांचा एक अख्खा खण याच कामासाठी होता. तरीही आपलं वाण कुणी पुढं ढकलेल, हे तिला पटेना.

“मह्यावालं वाण कोणी फिरवत नाई,” ती म्हणाली.

दोन दिवसांत तिनं बारा जणींना फोन केले. आठ जणींनी वाण पुढं दिलं होतं, तिघींना आठवत नव्हतं आणि एकीनं कागद उघडला होता. तिनं पुस्तक हलणाऱ्या फ्रिजच्या पायाखाली लावलं होतं. फ्रिज आता हलत नव्हता, त्याबद्दल तिनं आभार मानले.

रथसप्तमी रविवारी आली. त्या दिवशी रागिणीच्या माहेरी, अकोल्यात जठारपेठेत, तिची वहिनी दीपमाला हिच्याकडे हळदीकुंकू होतं. रागिणी, नितेश आणि खुशी दुपारच्या एसटीनं गेले. नितेशला दोन घोर होते. एक तर मुदत संध्याकाळी संपत होती, आणि दुसरं म्हणजे पाच वाजता ठेचा स्क्वाडची विभागपातळीवरची अंतिम लढत होती.

हळदीकुंकवाला पुरुषांना आत जागा नसते. नितेश आणि रागिणीचा भाऊ शेखर अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले. शेखरची किराणा दुकानाची सवय अशी की मोकळा बसला तरी तो समोरच्याच्या पिशवीचं वजन मनात करायचा. नितेशनं कानात इअरफोन घातले. लढत सुरू झाली.

आत बायांची गर्दी वाढत गेली आणि शेवटी दीपमालाच्या स्टीलच्या वाट्या संपल्या. अजून एक बाई उरली होती. मनकर्णाबाई, साठीच्या पुढची, लेकीसोबत आलेली. दीपमालानं कपाट उघडलं, यंदा तिला मिळालेल्या वाणांतून एक चमकीच्या कागदाचं पुडकं काढलं आणि हळदकुंकू लावून तिच्या ओटीत ठेवलं.

मनकर्णाबाईनं ते हातात तोललं.

“हे नको मले,” ती म्हणाली.

“कावून वं काकू?”

“हे माह्यापाशी हाय. ह्याच कागदात होतं. वाचून झालं. मले वाटी दे, नाई तं साधी डबी दे.”

पलीकडे बसलेल्या रागिणीच्या हातातला तिळाचा लाडू तसाच राहिला. तो कागद तिच्या ओळखीचा होता. दुकानात त्याचा रोल तीच कापायची.

“काकू,” ती म्हणाली, “काय वाचून झालं?”

“त्या चंद्रावरच्या संत्र्याचं. लेकीले अमरावतीत भेटलं वाणात. तिच्या घरचा टीव्ही बिघडला होता, मंग मी करू काय? बसली वाचत.”

“पूर्ण?”

“आता एवढं आणलं तं पूर्णच वाचीन. जाहिरातीबी नाई त्यात.” मनकर्णाबाई आता सावरून बसली. “पण थो दिनकर पाय, नुसता बैल हाय. बायको घरी, मैना तिचं नाव. हा गेला चंद्रावर. अकरा प्रकरणं गेली, एक फोन नाई! अन् परत आला तं ते बाई म्हनते, ‘पाय धुवा, जेवाले वाढते.’ कोणती बायको असं म्हनते?”

“कोणतीच नाई,” खोलीतल्या बाया एका सुरात म्हणाल्या. एकीनं तर लाटणं कुठं ठेवतात तेही सांगितलं.

रागिणी उठली. “खुशी, जा. बाबाले सांग, वाचक सापडला. लवकर या म्हणावं, त्याहिचा ऑटो उभा हाय.”

अंगणात ठेचा स्क्वाडचे दोघे मेले होते. नितेश आणि चंदन उरले होते. मैदान आकसत चाललं होतं आणि समोर एकच शेवटची टोळी होती. खुशीनं बापाचा एक इअरफोन ओढला.

“बाबा, वाचक सापडला.”

“थांब बेटा, दोन मिनिटं.”

“आई म्हणे त्याहिचा ऑटो उभा हाय.”

दुसऱ्या कानात चंदन ओरडत होता, “नितेशभाऊ, झाडामागं! झाडामागं या!” फाटकापाशी रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. नितेशनं आपला सैनिक झाडामागं नेला, दाराकडे पाहिलं आणि मोबाईल शेखरच्या हातात कोंबला.

“भाऊजी, हे काय हाय?”

“काहीच करू नका!” असं ओरडून तो धावला.

उंबऱ्यावर तो थांबला. आत पंचवीस-तीस बाया होत्या आणि सगळ्या त्याच्याकडे पाहत होत्या.

“थो तूच का?” मनकर्णाबाईनं विचारलं.

“हो. तुमी… शेवट कसा वाटला?”

“शेवटी संत्र्याची पेटी तुटते अन् संत्री हवेत तरंगतात. थे बरं लिहिलं. मी दोनदा वाचलं.”

एलियनचं नाव तिनं काढलं नाही. आजवर कुणी नितेशच्या पुस्तकातलं काहीच दोनदा वाचलं नव्हतं. प्रूफं त्यानंही एकदाच वाचली होती.

“रागिणी,” तो म्हणाला, “झालं ना मंग?”

रागिणी बोलायच्या आत दीपमालानं वऱ्हाडातला सगळ्यात जुना प्रश्न विचारला. “काकू, तुमचं मूळ गाव कोणतं?”

“वहिनी, नका विचारू!” नितेश कळवळून म्हणाला. वऱ्हाडात हा प्रश्न एकदा निघाला की चौथ्या प्रश्नाला नातं लागतंच, हे त्याला माहीत होतं.

“माहेर रिद्धपूरचं,” मनकर्णाबाई म्हणाली.

“रिद्धपूरचं? मंग मोतीराम तुमचे कोण?”

“कोणता मोतीराम? पानठेल्यावाला? चुलत भाऊ.”

“हाय का नाई! मोतीरामची बायको म्हणजे वच्छलामावशीच्या मावसबहिणीची नणंद. अन् वच्छलामावशी म्हणजे ह्याहिची आई!”

“अवं माय!” मनकर्णाबाईनं नितेशला वरपासून खालपर्यंत नव्यानं पाहिलं. “म्हणजे तू आमच्यातला निघाला. ये रे बापू, लाडू घे.”

नितेशनं लाडू घेतला नाही. तो रागिणीकडे पाहत होता. अट तिची होती आणि ती अटीला पक्की होती. खुशीच्या फीचा दिवससुद्धा ती कधी पुढं ढकलत नसे. वाचक नात्यातला निघाला होता. खोलीतल्या बायांना तोवर खुशीनं सगळी गोष्ट सांगून टाकली होती, त्यामुळे त्याही रागिणीकडे पाहू लागल्या. गाद्यांचं काय होणार, याची त्यांना मनापासून काळजी होती.

“नात्यातला वाचक चालत नाई,” रागिणी म्हणाली.

“कावून चालत नाई?” मनकर्णाबाई उसळली. “वाचलं तवा मी कोण होती त्याची? कोणीच नाई. नातं तं आत्ता लागलं, इथं, तुह्यासमोर. लगन झाल्यावर सोयरा होते, त्याच्या आंधी थोडीच होते?”

रागिणीनं विचार केला. बाहेर रिक्षावाला पुन्हा हॉर्न देत होता.

“हे बरोबर हाय,” ती शेवटी म्हणाली. “वाचलं तवा नातं नव्हतं. वाचक मंजूर.”

बायांनी टाळ्या वाजवल्या. नितेशनं लाडू घेतला. मनकर्णाबाई स्टीलची डबी घेऊन निघाली आणि दारात वळून म्हणाली, “दुसरा भाग मले फुकट पायजे. आता तं मी मावशी हाय. अन् त्या मैनेले तोंड दे रे बापू, नुसतं वाढाले लावू नको.”

अंगणात शेखर अजून मोबाईल दोन्ही हातांत, तेलाच्या पिंपासारखा धरून बसला होता. त्यानं सांगितल्याप्रमाणे काहीच केलं नव्हतं. नितेशचा सैनिक झाडामागं निश्चल उभा राहिला, विरोधकांना तो दिसलाच नाही, चंदन आणि समोरची टोळी एकमेकांना मारून मोकळे झाले आणि ठेचा स्क्वाड जिंकला. इअरफोनमधून चंदनचा रडवेला आवाज येत होता, “काय संयम हाय भाऊ! काय संयम!”

“काही बिघडलं तं नाई ना?” शेखरनं विचारलं.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूरच्या पुढं रागिणीनं मनकर्णाबाईनं नाकारलेलं पुडकं पिशवीतून काढलं आणि कागद फाडला. कव्हरवरच्या अंतराळयानाला तिच्या बोटावरची हळद लागली. ती पहिल्यांदाच हे पुस्तक उघडत होती. नात्यातलं वाचन मोजायचं नसल्यामुळे तिनं आजवर वाचलंच नव्हतं.

बडनेरा येईपर्यंत ती चौथ्या प्रकरणात पोचली. नितेशनं मोबाईल खिशात ठेवला होता. मांडीवर झोपलेल्या खुशीच्या डोक्यावरून तो बायकोचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होता.

“ह्या मैनेले,” रागिणी पानावरून नजर न काढता म्हणाली, “मह्यासारखाच चष्मा कावून हाय?”

“योगायोग.”

“अन् दिवाणात पाहुण्यांच्या गाद्या?”

नितेश खिडकीबाहेर पाहू लागला. रागिणीनं पर्समधून पेन काढला.

दुसरा भाग सध्या फुलांच्या दुकानात, गल्ल्यामागे लिहिला जातो आहे. दुपारी चहा येतो. शनीपर्यंत गोष्ट अजून पोचलेली नाही. पहिलं वाक्य रागिणीचं आहे आणि ते बदलायचं नाही, अशी नवी अट आहे. दिनकर दार वाजवतो, मैना दार उघडते आणि म्हणते, “अकरा प्रकरणं कुठं होता?”