सहा टक्क्यांची उशी

निविदांच्या पेटीच्या फटीतून पाकीट आत सरकलं तेव्हा एक वाजायला पाच मिनिटं कमी होती. आतल्या आकड्याबद्दल बावीस वर्षांत पहिल्यांदाच मामाच्या मनात काही खुपत नव्हतं.

मामा हा दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. दाजी ठेकेदार, दोन मिक्सर, एक टेम्पो आणि चाळीस माणसं एवढा त्यांचा पसारा. त्यांची मुलगी लहानपणी ऑफिसात येऊन "मामा, मामा" करायची, ते ऐकून गवंड्यांपासून सिमेंटवाल्यापर्यंत सगळ्यांचाच तो मामा झाला. त्याचं काम एकच. नकाशे आले की टेबलावर पसरायचे आणि इमारत उभी राहायच्या आधी ती कागदावर एकदा पूर्ण बांधून टाकायची. खड्डा किती खोल, सळई किती टन, दारांना बिजागऱ्या किती, आणि या सगळ्याला पैसे किती. भिंतीत खिळा ठोकायला सांगितला तर हा आधी खिळ्याचा दर सांगेल, असं त्याची ताई म्हणायची, आणि ते काही फार खोटं नव्हतं.

पण या नाकासमोर चालणाऱ्या माणसाची एक चोरी होती. खर्चाचा खरा आकडा निघाला की तो त्यात गुपचूप सहा टक्के जास्तीचे पेरून ठेवायचा. फरशीची तूटफूट पाच टक्के होते, तिथं दहा धरायची. पायातलं पाणी उपसायला चार दिवस लागतात, तिथं सात लिहायचे. थोडं इथं, थोडं तिथं, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असं. मनातल्या मनात तो त्याला उशी म्हणायचा.

उशी लागायची ती दाजींमुळे. निविदा भरायच्या आदल्या दिवशी दाजी चष्मा कपाळावर चढवून यायचे, मधली चाळीस पानं न बघता शेवटचं पान उघडायचे, "मामा, फार लावलंस रे," म्हणायचे आणि सहा टक्के कापायचे. मामा तोंड पाडून बसायचा. दाजी खुशीत घरी जायचे. आकडा मात्र बरोबर जिथं असायला हवा तिथंच येऊन बसायचा. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि या विषयावर दोघांत एक अक्षर झालं नव्हतं.

गेल्या दोन वर्षांत मात्र ग्रह फिरले. तीन कामं थोडक्यात हातची गेली, मिक्सर शेडमध्ये गंजत पडले, माणसं अर्ध्या पगारावर आली. आता हे प्रसूतिगृहाचं काम निघालं होतं, चार मजले, दीड वर्षाचं. अनामतीच्या आणि कामाच्या कर्जासाठी बँकेकडे तारण ठेवायला दाजींकडे काही उरलं नव्हतं म्हणून ताईने तिचं घर ठेवलं. आईवडिलांनी तिच्या नावावर केलेल्या तीन खोल्या आणि वर गच्ची. ती स्वतः कागद घेऊन ऑफिसात आली. दाजी बाहेर गेले होते.

"हे बघ," ती म्हणाली, "मला तुमच्यातलं फारसं कळत नाही. पण या वेळी खरं लिही. जेवढं लागेल तेवढंच. जास्त नको, कमी नको. कुणाला शेंडी लावायची नाही, ह्यांनासुद्धा नाही."

"बरं," मामा म्हणाला.

"बरं नको. माझ्याकडे बघून सांग."

मामाने तिच्याकडे बघून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दाजीही आले आणि खुर्ची ओढून बसले. "या वेळी तुझ्या आकड्याला मी बोटसुद्धा लावणार नाही. जे काढशील तेच पेटीत जाईल. तुझ्या ताईचं घर आहे त्यात." त्यांचे डोळे भरून आले होते. असं त्यांना मामाने कधी पाहिलं नव्हतं. त्याने त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा उशी काढून टाकली. आकडा आला बारा कोटी चाळीस लाख. त्यात नफा दोनच टक्के, माणसांचे पगार चालू राहावेत एवढाच. उशी काढल्याचं दाजींना सांगावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण काढली म्हणायचं तर आधी ती होती हे कबूल करावं लागलं असतं, आणि बावीस वर्षांची चोरी एका वाक्यात कशी कबूल करायची हे त्याला सुचेना. तो मूग गिळून बसला.

पाकीट पेटीत पडलं, एक वाजला, कारकुनाने पेटीला दोन कुलपं घातली. तीन वाजता सगळ्यांसमोर ती उघडायची होती. दोघं खालच्या कँटीनमध्ये चहाला गेले. दाजी कधी नव्हे ते दुसरा चहा मागवत होते.

"आता काम आपलंच," ते म्हणाले.

"बघू. आकडा चोख आहे. पण जाड्यासुद्धा जवळपास असणार." जाड्या म्हणजे दाजींचा जुना स्पर्धक.

"असू दे. मी सुटीचं पत्र जोडलंय आत."

मामाचा कप हातातच राहिला. सुटीचं पत्र म्हणजे काय हे त्याला सांगायची गरज नव्हती. आकडा आहे तसा ठेवायचा आणि वेगळ्या कागदावर लिहून द्यायचं, की या रकमेवर आम्ही इतकी सूट देतो. पाकीट उघडल्यावर तीही मोठ्याने वाचली जाते.

"किती?"

"नेहमीचीच. सहा टक्के."

"दाजी, तुम्ही म्हणाला होतात बोट लावणार नाही."

"नाहीच लावलं. तुझा कागद जसाच्या तसा आहे. सूट वेगळ्या कागदावर दिली." आणि ते हसले. शब्दही पाळला आणि कामही साधलं, अशा माणसाचं ते हसू होतं.

मामाने हातातला कप बशीत ठेवला.

"दाजी, या वेळी उशी नव्हती."

"कसली उशी?"

मग ते सांगावंच लागलं. फरशीची तूट, पाण्याचे जास्तीचे दिवस, सगळं. तो टेबलाकडे बघत बोलत राहिला, आणि आता दाजी चिडतील, बावीस वर्षं मला फसवलंस म्हणतील, याची वाट बघत राहिला. दाजी चिडले नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू सिमेंटच्या पोत्याच्या रंगाचा झाला.

"मला माहीत होतं ते," ते म्हणाले.

"काय?"

"पहिल्याच वर्षी कळलं होतं. फरशीची तूट दहा टक्के कोण धरतं रे? मी मोजली होती तुझी चोरी. सहा टक्के भरली. म्हणून सहाच कापत आलो." ते थांबले. "मला वाटलं, मी काही बोललो तरी तू ठेवणारच. तुझ्यावर तेवढा विश्वास होता."

एक माणूस आपल्यावर बावीस वर्षं विश्वास ठेवतो, आणि तोही आपल्या खोटेपणावर. त्या माणसाशी आपण खरं वागलो ते नेमकं बहिणीचं घर पणाला लागलं तेव्हा. मामाने मनात हिशेब केला, कारण त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. सूट चौऱ्याहत्तर लाख चाळीस हजार. नफ्याचे चोवीस लाख ऐंशी हजार त्यात बुडाले, तरी उरले एकोणपन्नास लाख साठ हजार. एवढे पदरचे घालून ती इमारत बांधावी लागणार होती. ताईच्या घराची किंमत बँकेने बावन्न लाख केली होती.

दोघं जवळजवळ पळतच वर गेले. कारकून डबा उघडून बसला होता.

"साहेब, आमच्या पाकिटात एक कागद चुकून गेलाय. तेवढा काढून घ्यायचाय."

"कुलूप लागलं की आतलं बाहेर येत नाही," कारकून म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे.

"मग सगळं पाकीटच मागे घेतो."

"घ्या की. एक वाजायच्या आत घ्यायचं होतं. आता मागे घेतलंत तर अनामत जप्त, आणि तीन वर्षं कुठल्याही कामाला भरता येणार नाही." त्याने घास घेतला आणि मग, दाजींचा चेहरा बघून, जरा हळू आवाजात म्हणाला, "बसा काका. पाणी घ्या. काम दुसऱ्यालाही मिळू शकतं."

त्या एका वाक्यावर दोघांनी दीड तास काढला. हॉलमध्ये लाकडी बाकं होती आणि एक पंखा होता, तोही एका बाजूला वारा देणारा. बाकीच्या चार ठेकेदारांची माणसं येऊन बसली. प्रत्येक जण मनातल्या मनात काम मिळू दे म्हणत असणार. दुसऱ्या बाकावर बसलेली ही दोन माणसं मात्र ते हुकू दे म्हणून जीव टांगणीला लावून होती. कुणीतरी आणखी मोठा वेडेपणा केलेला असू दे, मामा म्हणत होता. कुणी एखादा मजला मोजायचा विसरलेला असू दे. स्वतःच्या धंद्यात दुसऱ्याच्या चुकीसाठी हात जोडायची वेळ यावी याची त्याला शरम वाटली, पण त्याने हात सोडले नाहीत.

तीनला कारकुनाच्या वरच्या अधिकारी बाई आल्या आणि कुलपं उघडली. कारकून एकेक पाकीट फोडून आकडा वाचायचा, बाई लिहून घ्यायच्या.

पहिला, तेरा कोटी दहा लाख. सूट नाही.

दुसरा, बारा कोटी पंच्याण्णव लाख.

तिसरा, तेरा कोटी चाळीस लाख. मामाला त्या माणसाचा राग आला. एवढं लावतात का, असं त्याला ओरडून विचारावंसं वाटलं.

चौथं पाकीट जाड्याचं. बारा कोटी बासष्ट लाख. कारकुनाने कागद उलटसुलट केला, मामा पुढे वाकला. "सूट नाही," कारकून म्हणाला.

मामाने डोळे मिटले. बासष्ट. त्याचा आकडा चाळीस होता. म्हणजे सूट दिली नसती, नुसता खरा आकडा खरा म्हणून पेटीत पडला असता, तरी काम यांचंच होतं. दोन टक्क्यांच्या नफ्यासकट. दाजींनाही ते त्याच क्षणी कळलं असावं, कारण त्यांनी मामाच्या मनगटावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

पाचवं पाकीट. बारा कोटी चाळीस लाख. सोबत पत्र, सूट सहा टक्के. बाईंनी यंत्रावर गुणाकार केला आणि निव्वळ रक्कम मोठ्याने सांगितली. अकरा कोटी पासष्ट लाख साठ हजार. हॉलमध्ये कुजबुज झाली.

जाड्या उठून आला आणि त्याने दाजींचा हात हातात घेतला. "शहाण्णव लाखांचा फरक. काय जादू केलीत? की पैसे जास्त झालेत?"

"जादूच," दाजी म्हणाले.

हॉल रिकामा झाला तरी ते दोघं बाकावर बसून राहिले. मामाने पिशवीतून अंदाजपत्रकाची प्रत काढली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. कुठं तरी काही कापता येईल. खोदाई, नाही, जमीन जेवढी तेवढीच. सळई, ती कमी करावी, तर त्या छपराखाली बाळंतिणी झोपणार आहेत. रंगाचा एक हात कमी करावा, तर त्याने दोनच धरले होते. ओळ संपायची आणि तो पुढच्या ओळीवर जायचा. बावीस वर्षांत त्याने इतकं प्रामाणिक अंदाजपत्रक केलं नव्हतं, आणि त्यात बोट शिरायलासुद्धा जागा नव्हती. शेवटच्या पानावर त्याला स्वतःचा पगार दिसला. तो त्याने खोडला. दीड वर्षाचे पाच लाख चाळीस हजार. अर्धा टक्कासुद्धा होत नव्हता.

"काम सोडून देऊ या का?" मामाने विचारलं.

"अनामतीसाठी बँक घराकडेच येणार. वर तीन वर्षं बंदी. त्या चाळीस जणांना काय सांगू?" दाजी पेटीकडे बघत होते. ती आता उघडी आणि रिकामी होती. "घर दोन्हीकडून जातंय मामा. बांधलं तर निदान इमारत उभी राहील."

मामाला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. दाजींच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्यांनी नाव पाहिलं आणि फोन मामाच्या हातात दिला.

"तूच बोल. माझ्याच्याने होणार नाही."

"हॅलो, अहो, काय झालं?" ताईचा आवाज आला.

"ताई, मी आहे."

"मिळालं का?"

"मिळालं."

पलीकडे तिने नाक ओढलं. "दोन रात्री डोळ्याला डोळा नाही रे माझा. खरा आकडा दिलास ना?"

"हो ताई. अगदी खरा दिला."

"मग मला कसली भीती नाही." तिचा आवाज मोकळा झाला, जसा तो पूर्वी असायचा. "ऐक, आता तेवढी गच्ची करून घेऊ. दरवर्षी गळते. तूच अंदाज काढून दे, बाहेरचा माणूस मला नको."

"काढतो."

"विसरशील. आत्ताच लिहून ठेव."

मामाने अंदाजपत्रकाचं शेवटचं पान उलटं केलं, फोन खांद्याने कानाशी धरला आणि पेन उघडलं. गच्ची, त्याने लिहिलं, अठरा फूट बाय बारा फूट. तिला विचारावं लागलं नाही. लहानपणी त्याने आयुष्यात पहिल्यांदा पट्टी लावून मोजली होती ती हीच गच्ची.