डावीकडे झुकलेली वेणी

“शेजारी नको, समोर बस. आरशात बघावं तसं माझ्या हातांकडे बघ. म्हणजे तुझी वेणी उजवीकडे झुकेल, तुझ्या आईची झुकायची तशी. माझ्यासारखी नको गं बाई. एका घरात एक डावखुरी पुरे.”

विझ्मानं सुया हातात घेतल्या की आधी मनात हा आवाज यायचा आणि मग सुयांचा. आवाज ऑस्ट्रामावशीचा होता, आणि तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा विझ्माचे पाय बाकावरून जमिनीला टेकतही नव्हते. आता तिची पन्नाशी उलटली होती आणि मावशी पंचाहत्तरीला आली होती. युर्कालने गावच्या किनाऱ्यावरच्या त्याच घरात, त्याच खिडकीशी, दोघी अजून समोरासमोर बसत. फरक एवढाच, की आता मावशीच्या सुईतून टाका निसटायचा आणि विझ्मा तो न बोलता उचलून द्यायची.

त्या गावात हातमोज्यांच्या मनगटावर दोन रंगांची बारीक वेणी विणतात. साऱ्या गावाची वेणी उजवीकडे झुकायची, एका ऑस्ट्राची तेवढी डावीकडे. शाळेत तिचा डावा हात बाकाला बांधून ठेवीत, पण घरी सुया घेतल्यावर तो कोण बांधणार? जत्रेत हातमोज्यांचा ढीग पडलेला असला तरी बाया नुसतं मनगट बघून म्हणत, “हा ऑस्ट्राचा.” तोंड बघून माणूस ओळखावं, इतकं ते सोपं होतं.

विझ्मा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. सकाळी मुलांसाठी बटाटे सोलायचे, बिटाचं सूप चुलीवर चढवायचं, आणि ते रटरटेपर्यंत हातमोज्याचा एक फेर पुरा करायचा. मुख्याध्यापक दारातून डोकावून म्हणत, “विझ्माबाई, आज सूपात लोकर जरा कमी घाला.” ती म्हणे, “काल मेंढी विचारत होती, माझी लोकर खाऊन सर गोरे कसे झाले नाहीत?” घरी आली की मागच्या अंगणात रंगासाठी कांद्याच्या सालींचं, बर्चच्या पानांचं पातेलं उकळत असे. तारेवर पिवळ्या-हिरव्या लडी थेंब थेंब ठिबकत. चरखा फिरवताना मावशी तोंडातल्या तोंडात गुणगुणे:

काळी मेंढी, गोरी मेंढी, दोघी एका कुंपणात,
एकीची लोकर वाऱ्यावर गेली, एकीची उरली हातात.

विझ्माला हे गाणं मेंढ्यांचंच वाटत आलं होतं.

वसंतात झेंटा धाडकन दार उघडून आत आली. झेंटा म्हणजे गावातल्या विणकाम मंडळाची पुढारी. तिचा आवाज आधी यायचा, मागाहून ती.

“बायांनो, सामान बांधा! गोटलंड बेटावर लोकरीचा मेळा आहे. व्हेंट्स्पिल्स बंदरातून जहाज. आपल्या सगळ्यांना बोलावलंय!”

“समुद्रापलीकडे?” विझ्माच्या हातातला लोकरीचा गुंडा सुटून पलंगाखाली गेला.

“मग काय, समुद्राखाली? पासपोर्ट काढ. फोटोत हस जरा, नाहीतर तिकडचे लोक तुला पोलीस समजतील.”

हसावं की रडावं, विझ्माला कळेना. तिचं सगळं आयुष्य समुद्राच्या काठी गेलं होतं आणि समुद्र मात्र कधी तिचा नव्हता. ती लहान होती तेव्हापासून, कुणी होडीनं पळून जाऊ नये म्हणून, परक्या सत्तेचे सैनिक दर संध्याकाळी किनाऱ्याच्या वाळूवरून दाताळं ओढून ती सपाट करत. सकाळी तिच्यावर पाऊल उमटलेलं दिसलं की घराघरांत चौकशी. ते सैनिक जाऊन थोडीच वर्षं झाली होती. अजूनही वाळूवर पाय ठेवताना विझ्मा आधी मागे बघायची.

“आणि ऐक,” झेंटा म्हणाली, “प्रत्येकीनं आपल्या घरातलं सगळ्यांत जुनं विणकाम आणायचंय. माझ्याकडे आजीची मोज्यांची जोडी आहे, बाप्यांच्या मापाची. आजोबांचे पाय म्हणजे होड्याच होत्या.”

विझ्माला शोधावं लागणारच नव्हतं. तिच्या आईचा, मिल्डाचा, एकच सुटा हातमोजा घरात होता, अंगठा कसरीनं खाल्लेला. त्याची उजवीकडे झुकलेली वेणी बघून बघूनच तिनं आपला हात घडवला होता. पण पेटाऱ्याच्या तळाशी एक अख्खी जोडीही होती, बाप्तिस्म्याची. त्या गावात बाळाचा बाप्तिस्मा ठरला की आई आपल्या हातानं हातमोजे विणून धर्ममातेला देते. ते हातात घालूनच धर्ममाता बाळाला चर्चमध्ये नेते. विझ्माची धर्ममाता ऑस्ट्रामावशीच. “तुझी आई तापानं फणफणलेली,” मावशी सांगे, “उशीला टेकून विणले बिचारीनं. बाप्तिस्मा झाला आणि आठवड्याभरात गेली.” आईच्या हातचं ते शेवटचं काम. मावशीनं ते कधी दाखवलं मात्र नव्हतं. आज पाऊस, उद्या दमट हवा, परवा हात ओले.

रात्रीच्या जेवणाला विझ्मानं विषय काढला.

“मावशी, ते बाप्तिस्म्याचे हातमोजे दे ना. आईला एकदा समुद्रापलीकडे घेऊन जाते.”

मावशीनं पाव कापता कापता सुरी थांबवली. “कसर लागली त्यांना.”

“बघू तरी. मी दुरुस्त करेन.”

“काही उरलं नाही म्हटलं ना! आणि तिकडे काय ठेवलंय? मेंढ्या इकडेही आहेत.”

“तिकडच्या करड्या असतात.”

“तोंड काळंच असणार.” मावशी उठली आणि नेहमीसारखी समुद्राच्या खिडकीकडे पाठ करून बसली. तिला त्या खिडकीतून बाहेर बघताना विझ्मानं कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांना चकाकी सोसत नाही, असं ती म्हणायची. ढगाळ दिवशीसुद्धा.

शनिवारी मावशी दाताळं खांद्यावर टाकून दफनभूमीत गेली. तिथे कबरींवर पांढरी वाळू पसरतात आणि घरातल्या बाया दर आठवड्याला तिच्यावर दाताळ्यानं नक्षी काढतात. मिल्डाच्या कबरीवर मावशी माशाच्या काट्यासारखी नक्षी काढायची. त्यात तिनं कधी खंड पडू दिला नव्हता.

विझ्मानं प्रवासासाठी लोकरीचं पांघरूण काढायला पेटारा उघडला. निदान स्वतःला तिनं तसंच सांगितलं. पांघरूण वरच होतं. तिचा हात मात्र तळापर्यंत गेला. शहाजिऱ्याच्या आणि सुकलेल्या रानफुलांच्या वासात, तागाच्या फडक्यात, ती जोडी निघाली.

कसर? एक धागा हललेला नव्हता. पांढऱ्यावर तांबडे तारे, निळी किनार, काल विणल्यासारखे. विझ्मानं जोडी गालाला लावली, म्हणाली, “आई गं.” मग उजेडात नेली आणि मनगटाकडे पाहिलं.

वेणी डावीकडे झुकलेली होती.

आधी तिला वाटलं, आपण उलटी धरली. फिरवली. दुसऱ्या हातमोज्याची पाहिली. आतली बाजू बाहेर काढली. पहिल्या टाक्यापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत, प्रत्येक फेर उलट्या दिशेनं गेलेला. पलंगावर बसायला गेली ती जमिनीवरच बसली. कानात कुणी तरी लोकर कोंबावी तसं झालं. बाहेर सीगल ओरडत होते ते दिसत होते, ऐकू येत नव्हते. हा हात ती डोळे मिटून ओळखत होती. या हातानंच तिला टाका शिकवला होता, ताटात मासा वाढला होता, तापात कपाळ चेपलं होतं.

धर्ममातेनं स्वतःला स्वतःच हातमोजे विणून दिले? असं कुणी करत नाही. ज्या बाळाची आई ते विणते, तीच...

विचार तिथवर आला आणि विझ्मा उठली. अंगावर एप्रन तसाच, पायात घरातल्या सपाता. पाइनच्या झाडांतून ती धावत सुटली.

मावशी कबरीवर वाकून नक्षी काढत होती. काट्याची शेवटची रेघ राहिली होती.

“मावशी, हे कुणी विणले?”

मावशीनं वर पाहिलं, हातमोजे पाहिले, आणि पुन्हा खाली वाकली. “पाय काढ. वाळूवर पडलाय तुझा.”

“मी काय विचारते?”

“तुझ्या आईनं. किती वेळा सांगू?”

“मावशी, मी शेवयांचं सूप करताना मीठ विसरेन, पण हात ओळखायला चुकेन का? मला शिकवलंय कुणी?”

मावशीच्या हातातलं दाताळं थांबलं. “तिला ताप होता. मी थोडा हात लावला.”

“थोडा? आईचा एक टाका दाखव यात. एक!”

झाडांमागे लाटांचा आवाज येत होता. विझ्माला आपला श्वास आवरेना. जे विचारायचं होतं ते तोंडातून निघताना तिचा आवाज लहान मुलीचा झाला.

“तू माझी आई आहेस का?”

मावशी हसली. ते हसू इतकं अचानक आणि इतकं कोरडं होतं की विझ्मा एक पाऊल मागे सरली.

“असते तर काय हवं होतं गं! असते तर एवढं खोटं बोलायला लागलं असतं का?” तिनं दाताळं झाडाला टेकवलं आणि ती शेजारच्या बाकावर बसली. “बस.”

विझ्मा शेजारी बसू लागली.

“शेजारी नको. समोर.”

समोर कबरीचा दगडी काठ होता. विझ्मा त्याच्यावर टेकली, हातमोजे मांडीवर.

“मिल्डा बाप्तिस्म्याला नव्हतीच,” मावशी म्हणाली. “तिनं विणायचे कसे? तू तान्ही होतीस. लढाई दाराशी आली होती. तुझा बाप कुठे पडला ते कळलंसुद्धा नव्हतं. तेव्हा इथून रात्रीच्या होड्या सुटत होत्या, पलीकडे, गोटलंडला. एकीत आम्हा तिघींना जागा मिळाली. आणि तुला खोकला झाला. डांग्या. एकदा सुरू झालीस की निळी पडायचीस. होडीवाला म्हणाला, पोर खोकलं तर किनाऱ्यावरचे सैनिक सगळ्यांनाच गोळ्या घालतील. पोर नाही घेणार.”

“मग?”

“मग मी मिल्डाला म्हटलं, तू जा. तुझं नाव त्यांच्या यादीवर आहे, तुला उचलतील. पोरीला मी घेऊन येते, खोकला गेला की, पुढच्या होडीनं.” मावशीनं हात झटकला. “पुढची होडी आलीच नाही.”

विझ्मानं हातमोजे पुढे धरले. “आणि हे?”

“शेजारीपाजारी विचारायचे, मिल्डा दिसत नाही. पळाली म्हटलं असतं तर उरलेल्यांना कुणी सोडलं असतं? आईनं, तुझ्या आजीनं, सांगून टाकलं, तापानं पडलीय. बाप्तिस्मा करायचाच होता. धर्ममाता रिकाम्या हातांनी कशी जाईल? घरात बाळाची आई आहे हे हातमोज्यांनीच तर सांगायचं. रात्रंदिवस बसून विणले. घाईत माझ्याच हातानं विणले, आपल्या वळणानं. चर्चच्या दारात पोचले तेव्हा माझं माझ्या मनगटाकडे लक्ष गेलं. म्हटलं, आता मेले.”

“कुणाच्या लक्षात आलं?”

“पाद्र्याला विणकामातलं काय कळणार? बाकांवरच्या बायांना मात्र सगळ्यांना कळलं. झेंटाची आजी पहिल्या बाकावर होती. तिनं पाहिलं, आपली शाल काढली आणि ‘गारठलीस गं पोरी’ म्हणत माझ्या हातांवर टाकली. कुणी कधी एक शब्द काढला नाही.”

विझ्मा खाली बघत होती. माशाचा काटा, रेघेला रेघ, पांढऱ्या वाळूत. मग हळूहळू तिच्या अंगावर काटा आला. ती झटक्यात त्या दगडावरून उठली.

“मावशी. मग इथे कोण आहे?”

“तिची शाल आहे. आणि वाळूचं पोतं.” मावशीनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं नाक पुसलं. “खांदा देणाऱ्यांना वजन लागायला हवं ना.”

“मी इथे फुलं आणली. लग्न झालं तेव्हा आले. घटस्फोट झाला तेव्हा आले. इथे बसून बोलले मी, मावशी! वाळूच्या पोत्याशी?”

“मीही बोलले गं. मीही तिच्याशीच बोलत होते.”

“पोचली का ती?”

“माहीत नाही. त्या आठवड्यात वादळ नव्हतं, एवढंच माहीत आहे.”

वारा आला आणि नक्षीची एक कड ढासळली. मावशी सवयीनं दाताळ्याकडे वळली, पण तिनं ते उचललं नाही. विझ्मानं डावा हातमोजा हातात चढवला. तो तिला बरोबर बसला. तिनं तो काढला, पुन्हा चढवला.

“सैनिक होते तोवर समजलं,” ती म्हणाली. “सांगितलं असतंस तर मी शाळेत बोलून गेले असते. पण ते गेले, मावशी. जहाजं सुरू झाली. झेंटानं घरात येऊन गोटलंडचं नाव घेतलं, तेव्हाही तू मेंढ्यांचंच बोललीस. का? आता कुणाची भीती होती?”

मावशीनं आपल्या डाव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. मग, विझ्माच्या आठवणीत पहिल्यांदाच, तिनं मान वळवून झाडांपलीकडच्या समुद्राकडे पाहिलं.

“तुझी,” ती म्हणाली. “तिला म्हटलं होतं, पोर घेऊन येते. ती जिवंत निघाली, तर ते पोर मला तिच्या हाती द्यावं लागेल ना.”