सोळा स्क्रू

गावात भाडं कुठवर चढलंय हे सुताराला दलालांना विचारावं लागत नसे. आपल्याकडे काम काय येतंय यावरूनच त्याला ते कळायचं. कॉलेज नवं होतं तेव्हा घरमालक त्याच्याकडून अभ्यासाची टेबलं करून घ्यायचे. एका खोलीत एक मुलगा, त्याला टेबल, खुर्ची, पुस्तकांचा कप्पा. मग कॉलेजनं जागा वाढवल्या आणि टेबलं बंद होऊन पलंग सुरू झाले. मग एकावर एक पलंग. मग खोली भाड्यानं देणं हेच जुनाट झालं. मुलगा विचारायचा खोली आहे का, आणि मालक सांगायचा कॉट आहे. शेवटी प्लायवूडच्या भिंती आल्या, एका खोलीच्या दोन आणि दोनाच्या चार. कॉलेज फुगत चाललं होतं, गाव होतं तेवढंच होतं, त्यामुळे जे काही वाढायचं ते घरांच्या आतच वाढत होतं.

यात सुताराचं बरं चाललं होतं, खोटं कशाला बोला. त्यातून त्याचं डोकं सुपीक. दरवर्षी प्रवेश सुरू व्हायच्या आधी पालिकेचे लोक तपासणीला यायचे. मजल्याला दोन जिने हवेत, दोन्हींची वाट मोकळी हवी, असा नियम होता आणि मधे भिंत दिसली की परवाना अडायचा. त्यावर सुतारानं टांगती भिंत शोधून काढली. वर चौकटीला लोखंडी हुक, त्यावर अडकवलेली प्लायवूडची फळी. दोघांनी धरून वर उचलली की भिंत सुटून हातात येते. साहेब यायच्या आधी भिंती गच्चीवर, साहेब चहा पिऊन गेले की भिंती जागेवर. साहेबांनाही हे ठाऊक होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार नव्हताच तो, भांडं सगळ्यांसमोर उघडं होतं, फक्त त्यात कुणी डोकावत नव्हतं.

ताईच्या घरातही त्यानं अशीच एक भिंत टांगली होती. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, हातात रंधा दिला आणि आपल्या परसात पत्र्याची शेड टाकून त्याला कारखाना काढून दिला. तिचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता. तिच्या पहिल्या मजल्यावर बोळाच्या टोकाला मागच्या जिन्याचं दार होतं. ते झाकलं तर तिथं तीन मुलींची खोली होते, अशी शक्कल ताईनं काढली. त्यानं दारासमोर भिंत टांगली आणि खोली झाली. खिडकी होती, तिला गज होते, म्हणजे मुलींच्या आईबापांना पसंत पडेल असं सगळं होतं.

मग त्याच्यावरच वेळ आली. अकरा वर्षं ज्या दोन खोल्यांत तो भाड्यानं राहत होता तिथला मालक हसत हसत आला आणि म्हणाला, भाचा येतोय राहायला, जागा लागेल. भाचा आला तो नऊ जणांचा निघाला. सुतार आणि बायको कारखान्याच्या माळ्यावर जाऊन राहिले. लेक नुकतीच कॉलेजला लागली होती, तिला त्या भुशात आणि करवतीच्या आवाजात कुठं अभ्यासाला बसवणार? ताईच म्हणाली, पोर माझ्याकडे राहील, भाड्याचं नाव काढू नकोस. त्याच खोलीतली एक कॉट तिनं भाचीला दिली. सुताराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं त्या दिवशी.

महिनाभरानं लेक म्हणाली की भिंत वाजते. मागच्या जिन्यातून वारा वर यायचा आणि फळी हुकांवर खडखडायची, तिघींनाही वाचू देत नसे. सुतार एका रविवारी ड्रिल घेऊन गेला. लेकीचा अभ्यास आणि आपलं काम, दोन्हींची लाज राखायची म्हणून त्यानं चारी बाजूंनी मिळून सोळा स्क्रू ठोकून पिळले. एक पुरे झाला असता तिथं चार. वरून स्क्रूंची डोकी झाकायला लांबी भरली, घासली, रंग मारला. भिंत मुकी झाली. मुलींनी त्याला चहा करून दिला आणि तो खुशीत शीळ घालत घरी गेला.

तपासणी दहा महिन्यांवर होती. तेव्हा बघू, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

हिवाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या एका मालकानं त्याला घाईनं बोलावलं. दोन फळ्या बदलायच्या होत्या, रंग आजच्या आज वाळायला हवा होता, आणि कुठं बोलायचं नव्हतं. आत गेल्यावर सुताराला जळका वास आला. भिंत अर्धी काळी पडली होती आणि छतापर्यंत काजळी चढली होती. कुणीतरी पाण्याच्या बादलीत हीटर टाकून विसरलं, बादली वितळली, शेजारची गादी पेटली, एवढंच. पाच मुलं होती खोलीत आणि आग नेमकी पुढच्या दारापाशी. ती पाचही जण आता दारात उभी राहून त्याचं काम बघत होती, आणि त्यातला एक हसत म्हणाला, "काका, तुमचे हुक होते म्हणून वाचलो. भिंत उचलली आणि मागच्या दारानं पळालो. खिळे मारले असते तर आमचा कोळसाच होता."

बाकीचेही हसले. त्या वयात असल्या गोष्टीचं हसूच येतं. सुतारानं घाईघाईनं फळ्या बसवल्या, रंगाचा हात फिरवला आणि डबा तिथंच विसरून तो बाहेर पडला. ताईच्या घरापर्यंतच्या वाटेवर त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. मुलींच्या खोलीतही हीटर होता. कॉटखाली असायचा, त्यानं स्वतः पाहिला होता.

दुपारची वेळ होती, मुली कॉलेजात. ताई खाली पाखडत बसली होती, तिला न सांगताच तो वर गेला. लांबी खरवडून त्यानं एकेक स्क्रू काढला. फळी एकट्यानंच कशीबशी उचलून बाजूला ठेवली, दाराचा बोल्ट सरकवला आणि दार ढकललं. दार बोटभर हललं आणि कशाला तरी अडलं.

"कोण आहे?" पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

सुतार जिना उतरून, घराला वळसा घालून मागे गेला. मागच्या जिन्याच्या तोंडाला पत्र्याचं दार बसलं होतं, ते ठोठावल्यावर एका सडपातळ मुलानं अदबीनं उघडलं. मागच्या महिन्यापासून तो तिथं राहत होता. पायऱ्यांवर त्याची पुस्तकं विषयवार लावलेली होती, मधल्या पायरीवर चहाची शेगडी, आणि वरच्या चौथऱ्यावर दाराला घट्ट टेकवलेली कॉट. काम दुसऱ्या सुताराचं होतं, पण मोजमाप अचूक होतं, कॉट भिंतीपासून भिंतीपर्यंत पाचर मारल्यासारखी बसली होती. जागा लहान आहे पण वारा छान येतो, असं मुलगा म्हणाला.

ताईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सुतार तिला गल्लीतल्या आगीचं सांगत होता, हीटरचं सांगत होता, त्या पोराला दुसरीकडे हलव म्हणून हात जोडत होता. ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मुलींच्या खोलीतून मुलाच्या खोलीत दार उघडं ठेवू म्हणतोस? त्यांचे आईबाप मला उभी जाळतील. आधी ती भिंत लाव जाऊन, पोरी यायची वेळ झाली."

"मग त्या पोराला काढ ताई."

"काढते ना. त्याच्या बदल्यात तुझी शेड देतोस? सहा कॉट बसतात त्यात, दलाल दर आठवड्याला विचारतो. मी तुला एका शब्दानं कधी बोलले का?"

बोलली नव्हती हे खरंच होतं. आणि आता बोलली होती तीही रागानं नव्हे, अगदी मायेनं, लहानपणी ताटातलं संपव म्हणून सांगायची त्या आवाजात. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं तर आधी पोहता यावं लागतं. सुताराला एवढी एकच शेड होती आणि तिच्यातच त्याचा राहता माळा होता. तो वर गेला. त्यानं फळी जागेवर लावली आणि सोळाच्या सोळा स्क्रू परत पिळले. दोन कमी मारावेत असं त्याच्या मनात आलं, पण फळी सैल राहिली असती तर ताईला कळलं असतं. लांबी भरताना त्याला स्वतःची किळस आली.

लेक कॉलेजातून आली तेव्हा तो तिच्या कॉटवर बसला होता. त्यानं तिला सगळं सांगितलं आणि सामान बांधायला लावलं. ती भिंतीकडे बघत राहिली. मग तिनं हीटर कॉटखालून काढला, त्याची वायर गुंडाळली आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. उरलेल्या दोघींचं काय, असं तिनं विचारलं. आपण बोलू त्यांच्याशी, असं तो म्हणाला. आत्यानं भाचीला जवळ घेतलं, आईला करमत नसेल तुझ्याशिवाय, असं म्हणाली आणि फोन घेऊन आत गेली.

गादी गुंडाळून, ट्रंक ओढून खाली न्यायला तासभर लागला असेल. शेवटची पिशवी घेऊन लेक जिना उतरत होती तेव्हा खालून एक म्हातारासा माणूस पेटी घेऊन चढत होता आणि त्याच्यामागे त्याची मुलगी, उशी छातीशी धरलेली. लांबून आले होते. तीन दिवस गावभर जागा शोधत फिरले होते आणि तासाभरापूर्वी दलालाचा फोन आला होता. लेक भिंतीला चिकटून त्यांना वाट देत वर बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, त्यांना सांगा." आणि खाली गेली.

म्हाताऱ्याला धाप लागली होती. सुतारानं त्याच्या हातातली पेटी घेतली आणि खोलीत नेऊन लेकीच्या कॉटवर ठेवली. म्हाताऱ्यानं चहूकडे पाहिलं, खिडकीचे गज हलवून पाहिले, आणि दमलेल्या माणसाच्या आशेनं त्याला विचारलं, "तुमची मुलगी इथंच होती ना? काही काळजीसारखं नाही ना?"

ताई दारात येऊन उभी होती. त्याच्याकडेच बघत होती.

"नाही," सुतार म्हणाला. "घरच्यासारखं आहे."

म्हाताऱ्यानं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. मुलगी उशी ठेवून कॉटवर बसली आणि भिंतीला पाठ टेकून पहिल्यांदाच हसली. सुतार तिच्याकडे न बघता बाहेर पडला.

लेक फाटकापाशी ट्रंकेवर बसून वाट बघत होती.

"सांगितलंत ना त्यांना?"

"सांगितलं," तो म्हणाला.

तिचा जीव भांड्यात पडला. ट्रंकेची एक बाजू तिनं धरली, एक त्यानं, आणि दोघं घराला वळसा घालून शेडकडे निघाली.