चावी दुसऱ्या घरी

मित्रांनो, माझ्या पाठीवर अजून एक कागद चिकटलेला आहे. त्यावर लिहिले आहे, ‘मुद्देमाल क्रमांक चार’. हे काही माझे नाव नव्हे. मी विहिरीतले सुरुंग उडवणारी एक जुनी पेटी आहे. जेवणाच्या डब्याएवढा माझा जीव, वर तारा बांधायला दोन पितळी स्क्रू आणि पोटाला चावीचे भोक. चावी घालून जोरात पिळली की माझ्यात वीज तयार होते आणि खाली खडक फुटतो.

युसूफ वडगावच्या बाजूला विहिरी खोदणाऱ्या मजुरांची एक सहकारी संस्था होती. तिने मला शहादेवच्या हाती दिले. शहादेव मोठा सावध माणूस. सगळे विहिरीबाहेर आले आणि शिट्टी तीनदा वाजली, की मगच तो मला हात लावी. संस्थेचा एक दंडक होता. पेटी शहादेवच्या घरी आणि चावी म्हाताऱ्या आश्रुबाच्या घरी. आश्रुबा सकाळी करदोड्याला बांधलेली चावी सोडून शहादेवला देई आणि संध्याकाळी मागून घेई.

“तात्या, माझ्यावर इस्वास न्हाई का?” शहादेव कधीतरी चिडून विचारी.

“लई हाय. पर दोनी वस्तू एका घरात नगं,” आश्रुबा म्हणे आणि हात पुढे करी.

शहाऐंशीच्या दुष्काळात मला उसंत म्हणून नव्हती. गावोगाव विहिरी खोल करायच्या होत्या. पाझर लागला की लोक माझ्याकडे कौतुकाने बघत, आणि खंडेनवमीला शहादेवची बायको मुक्ताबाई मला झेंडूचे फूल वाही. ते दिवस मला आवडले होते.

पुढच्या उन्हाळ्यात साखर कारखान्याला जाणारी पाण्याची पाइपलाइन एका रात्री कुणीतरी उडवली. आदल्या आठवड्यात ‘गावाला पाणी द्या’ म्हणून शहादेव रस्त्यावर बसला होता, आणि त्याच्या घरात मी सापडले. पोलिसांना एवढे पुरले. दहशतवाद्यांसाठी केलेला नवा कायदा त्याला लागला. त्यात जामीन मिळणे जवळपास अशक्य होते, आणि बड्या पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा ठरे. शहादेव तुरुंगात गेला, मी पोलीस ठाण्याच्या मालखान्यात.

तिथे तीन वर्षे मी मोडक्या सायकलींच्या शेजारी पडून होते. माझे स्क्रू हिरवे पडले. मुक्ताबाई दर महिन्याला येऊन विचारी, “सायेब, तारीक कवा हाय?” उत्तर ठरलेले असे, “कळवू.” भिंतीआडून तिचा आवाज ऐकला की मला वाईट वाटे.

अखेर खटला उभा राहिला. शहादेवची कबुली वाचण्यात आली. त्यात होते, ‘मी पेटीवरचे लाल बटण दाबून पाइपलाइन उडवली.’

शहादेवच्या वकिलांनी मला उचलून ती कबुली घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांपुढे ठेवले. “साहेब, बटण दाखवा.”

त्यांनी मला चारी बाजूंनी फिरवले, उलटेही केले. मला बटण कधी नव्हतेच.

मग आश्रुबा साक्षीला उभा राहिला. त्याने करदोड्याची चावी सोडून टेबलावर ठेवली. “हिच्याबिगर ती उडत न्हाई. त्या राती चावी माझ्यापाशी व्हती. मला कुणी इचारलंच न्हाई.”

न्यायाधीशांनी शहादेवला विचारले, “मग तुम्ही असे का सांगितलेत?”

“म्या न्हाई सांगितलं,” शहादेव म्हणाला. “सही तेवढी माझी. ती करस्तवर तीन दिस उभा ठिवला व्हता.”

तो निर्दोष सुटला. कबुलीत बटण कुणी घातले याची चौकशी करा, असेही निकालात लिहिले होते. चौकशीचा कागद त्याच साहेबांच्या कचेरीत गेला.

मला संस्थेकडे परत दिले. शहादेव आता मला हात लावत नाही. आश्रुबाने चावी पुढे केली तरी तो घेत नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी करा असे मी म्हणणार नाही. माझी चावी दुसऱ्या घरी हवी, हे शाळेचे तोंड न पाहिलेल्या आश्रुबाला कळले होते. माझ्याहून दांडगा कायदा कुणी कुणाच्या हाती देत असेल, तेव्हा त्याची चावी कुणाच्या घरी आहे, एवढे विचारत जा.

खंडेनवमीला मुक्ताबाई अजून मला पुसते. पाठीवरच्या कागदाला मात्र ती पाणी लागू देत नाही. शहादेव म्हणतो, “काढून टाक की ते.”

ती म्हणते, “चौकशीचं उत्तर येऊ द्या. मग काढू.”